टांगाइलची छत्रीउडी, ११ डिसेंबर १९७१: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी डिसेंबर जवळ आला की या विषयावरचे तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. बहुतेक प्रश्न मराठा पलटणींशी नाते असलेल्या घरांतून येतात, तर काही त्या प्रसिद्ध छायाचित्राविषयी असतात. उत्तरे शक्यतो स्वतंत्रपणे वाचता येतील अशी लिहिली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टांगाइलला नेमके काय घडले, थोडक्यात सांगाल का?

११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेश मुक्तियुद्ध अंतिम टप्प्यात असताना, भारतीय सेनेच्या पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे २ पॅरा, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील (आजच्या बांगलादेशातील) टांगाइलच्या उत्तरेकडील शेतांमध्ये छत्र्यांनी उतरली. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू होते. विमाने कोलकात्याजवळच्या दमदम आणि खरगपूरजवळच्या कलाईकुंडा या तळांवरून निघाली. त्यांत अँतोनोव्ह-१२, पॅकेट आणि डाकोटा ही वाहतूक विमाने होती. दिवस मावळायच्या सुमारास उडी झाली, अंधार पडल्यावर पलटणीने पुंगली येथील पूल ताब्यात घेतला आणि तो परत मिळवण्यासाठी पाकिस्तानी सैन्याने केलेले हल्ले परतवून लावले. दुसऱ्या दिवशी, १२ डिसेंबरला, उत्तरेकडून रस्त्याने येणारी १ मराठा लाइट इन्फन्ट्री त्यांना येऊन मिळाली. पुढे चार दिवसांनी हीच २ पॅरा ढाक्यात सर्वांत आधी शिरली.

२. एका पुलासाठी एवढा खटाटोप कशाला?

तो पूल मैमनसिंग आणि जमालपूरकडून ढाक्याला जाणाऱ्या रस्त्यावर होता आणि त्या भागातील पाकिस्तानी ९३ ब्रिगेडला माघार घेऊन ढाक्याच्या बचावाला जायचे तर त्याच रस्त्याने यावे लागणार होते. पूर्व बंगालात युद्ध म्हणजे मुख्यतः नद्यांशी झगडा होता. रस्ते उंच भरावांवरून जात, दोन्ही बाजूंना खोलगट शेते आणि पाणी असे, आणि वाहनांसह जाणाऱ्या सैन्याला पूल सोडून इकडेतिकडे वळणे अवघड असे. त्यामुळे भरावावरचा एक पूल हाती आला की मागचे सैन्य मागे आणि पुढचे पुढे अडकते, असा सरळ हिशेब होता. पूर्व विभागाच्या मुख्यालयात या मोहिमेची आखणी करणारे मेजर जनरल जे. एफ. आर. जेकब यांच्या योजनेत ढाका हेच अंतिम लक्ष्य होते, आणि टांगाइलचा रस्ता हा ढाक्याकडे जाणारा सर्वांत कमी अडथळ्यांचा रस्ता होता.

३. छत्रीधारी सैनिक शेतातच का उतरवतात? एखादे मैदान किंवा धावपट्टी बरी नव्हे का?

धावपट्टीवर शत्रूची नजर आणि तोफा आधीच रोखलेल्या असतात. शेतावर पहारा ठेवणे कोणालाच परवडत नाही. उडीच्या जागेकडून तीन अपेक्षा असतात: ती लक्ष्याच्या जवळ, पायी गाठता येईल इतक्या अंतरावर असावी, तेथे उंच झाडे, तारा आणि घरे नसावीत, आणि ती विमानाच्या उड्डाणाच्या दिशेने पुरेशी लांब असावी. विमानातून माणसे एकामागून एक बाहेर पडतात, त्यामुळे पहिला आणि शेवटचा सैनिक यांच्यात जमिनीवर शेकडो मीटरचे अंतर पडते. सपाट मुलखात या तिन्ही अटी बहुधा शेतजमीनच पूर्ण करते. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, फ्रान्सच्या नॉर्मंडीत गुरांची कुरणे, नेदरलँड्समध्ये नांगरलेली शेते आणि माळ, आणि १९५३ मध्ये व्हिएतनामच्या दिएन बिएन फूच्या खोऱ्यात भाताची खाचरे निवडली गेली.

शेताचे धोकेही शेताचेच असतात. बांधावर पाय पडला की घोटा मुरगळतो, ओल्या खाचरात पाठीवरच्या ओझ्यासह माणूस रुततो, आणि पाणी साचलेले रान वरून पाहताना कोरड्या कुरणासारखेही दिसू शकते. नॉर्मंडीत मेर्देरे नदीकाठची कुरणे जर्मनांनी पाण्याखाली ठेवली होती आणि तेथे बरेच अमेरिकन सैनिक गोळी न लागताच बुडाले. शिवाय मोकळ्या शेतांत जर्मनांनी लाकडी खांब रोवून ग्लायडर, म्हणजे सैनिक नेणारी बिनइंजिनाची विमाने, उतरू नयेत अशी व्यवस्था केली होती. ते खांब रोवण्याच्या कामाला स्थानिक लोकांनाच जुंपले जाई.

४. डिसेंबरात तेथे भात उभे होते का? पाणी होते का?

बंगालचे मुख्य पीक म्हणजे आमन भात, आणि त्याची कापणी नोव्हेंबर-डिसेंबरात होते. त्यामुळे ११ डिसेंबरला बरीच शेते कापून मोकळी झालेली किंवा कापणीत होती, आणि पावसाळ्यात सलग पाण्याखाली असणारी जमीन तोवर चालण्याजोगी झाली होती. संपूर्ण युद्धच हिवाळ्यापर्यंत लांबवण्यामागे जे विचार होते त्यांत हा एक होता: पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या समुद्रासारख्या पसरतात, आणि हिवाळ्यात त्या आक्रसतात, शिवाय हिमालयातील खिंडी बर्फाने बंद झाल्यावर चीनकडून हालचाल होण्याची शक्यता कमी होते.

मात्र त्या मुलखात कोरडे याचा अर्थ आपल्या मराठवाड्यासारखे कोरडे असा घेऊ नये. प्रत्येक वस्तीजवळ तळी असतात, कारण घराचा जोता उंच करण्यासाठी जेथून माती काढतात तेथेच तळे तयार होते. विमानातून टाकलेल्या अवजड सामानापैकी काही अशा तळ्यांत पडले आणि ते बाहेर काढण्यास गावकऱ्यांचे हात लागले. बांबूच्या बेटांचा त्रास वेगळाच.

५. गावकऱ्यांनी मदत केली असे सगळे सांगतात. ती आधी ठरवलेली होती की ऐन वेळची?

दोन्ही. या दोन मदतींची सरमिसळ केल्यामुळे हा प्रसंग नेहमी अर्धवट सांगितला जातो, असे मला वाटते.

ठरवलेली मदत कादेर सिद्दिकी यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिवाहिनीची, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांची, होती. टांगाइल परिसरात त्यांची फौज, जिला लोक कादेर वाहिनी म्हणत, अनेक महिने लढत होती, आणि ऑगस्टमध्ये तिने नदीतून शस्त्रास्त्रे नेणारे पाकिस्तानी जहाज पकडले होते. ५० पॅरा ब्रिगेडमधील (२ पॅरा ज्या छत्रीधारी ब्रिगेडचा भाग होती तिच्यातील) कॅप्टन पी. के. घोष यांना उडीच्या आधीच गुप्तपणे या फौजेकडे पाठवण्यात आले. उडीसाठी जागा हेरणे, तिच्या आसपास बंदोबस्त ठेवणे आणि विमानांना जागा ओळखता येईल अशा खुणा करणे ही कामे त्यांनी कादेर वाहिनीच्या साहाय्याने केली. एवढ्या माणसांना शत्रूच्या मुलखात उतरवताना जमिनीवर आपले कोणी आहे की नाही, यावर अर्धी मोहीम अवलंबून असते.

ऐन वेळची मदत मात्र कोणीही आखलेली नव्हती. आकाशात छत्र्या दिसताच आसपासच्या वस्त्यांतून माणसे धावत आली, त्यांनी दारूगोळ्याच्या पेट्या आणि पाठीवरची ओझी उचलली आणि अंधारात वाट दाखवली. ज्या लोकांनी आधीचे नऊ महिने सैन्याच्या नुसत्या चाहुलीने गाव सोडून पळण्यात काढले होते, तेच लोक सैनिकांकडे धावत येत होते. या मदतीचा उल्लेख पलटणीच्या आठवणींत आदराने येतो, पण नावानिशी येत नाही (प्रश्न १६ पाहा).

६. सगळे सैनिक ठरल्या जागीच उतरले का?

नाही, आणि तसे बहुधा कोणत्याच युद्धातील उडीत होत नाही. बहुतांश पलटण जागेवर उतरली, पण काही सैनिक ठरलेल्या जागेपासून कित्येक किलोमीटर दूर पडले आणि त्यांना रात्रीतून चालत येऊन मिळावे लागले. वारा, विमानाचा वेग आणि उडीचा हिरवा दिवा लागण्यात झालेली काही क्षणांची चूक एवढी कारणे यासाठी पुरेशी असतात. सामूहिक उडीत छत्री सैनिक स्वतः उघडत नाही. विमानातील तारेला अडकवलेल्या पट्ट्याने ती आपोआप उघडते, आणि त्या काळच्या गोल छत्रीला दिशा देण्याची सोय जवळजवळ नसल्यामुळे वारा नेईल तेथे जावे लागते. १९४४ च्या नॉर्मंडीत, रात्रीची वेळ, ढग आणि विमानविरोधी तोफांचा मारा यांमुळे काही तुकड्या लक्ष्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरही पडल्या होत्या. त्या तुलनेत टांगाइलची उडी नेटकी म्हणावी लागेल. खालून विमानविरोधी मारा जवळपास नव्हता, कारण तोवर पूर्वेकडील आकाश भारतीय वायुसेनेच्या ताब्यात आले होते.

७. एकूण सैनिक किती होते? कोठे सातशे वाचतो, कोठे हजार, तर कोठे पाच हजार.

पलटण आणि तिच्याबरोबरचे तोफखाना, अभियंते, संदेशवहन आणि शस्त्रक्रिया पथकाचे लोक मिळून आकडा सातशेच्या आसपास होता. हजाराचा आकडा बहुधा पूर्ण पलटण-गटाची कागदावरची संख्या धरल्याने येतो. पाच हजारांचा आकडा मात्र त्या काळच्या बातम्यांतून आला आणि त्याला दिल्लीतून कोणी दुरुस्त केले नाही. संपूर्ण छत्रीधारी ब्रिगेड ढाक्याच्या दारात उतरली आहे असे शत्रूला वाटत असेल, तर त्याला खरे सांगण्याची घाई भारताला असण्याचे कारण नव्हते. शिवाय मुख्य उडीच्या वेळी कॅरिबू विमानांतून इतरत्र बाहुलेही टाकण्यात आले होते, म्हणजे उडी नेमकी कोठे आणि किती मोठी हे कळू नये. ही युक्ती ब्रिटिशांनी नॉर्मंडीच्या रात्रीही वापरली होती.

८. आकाश छत्र्यांनी भरलेले ते प्रसिद्ध छायाचित्र टांगाइलचेच ना?

नाही. ते आग्र्याजवळ झालेल्या ५० पॅरा ब्रिगेडच्या सरावाचे छायाचित्र आहे. संरक्षण खात्याचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी ते टांगाइलच्या बातमीसोबत वृत्तपत्रांकडे दिले आणि जगभर ते टांगाइलचे म्हणून छापले गेले. पाकिस्तानी सेनापतींवर याचा परिणाम झाला असे दोन्ही बाजूंकडून सांगितले जाते.

हे छायाचित्र आजही पुस्तकांत, विजय दिवसाच्या फलकांवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत टांगाइलचे म्हणूनच येते. युद्धाच्या चार दिवसांसाठी केलेली दिशाभूल शत्रूपुरती होती. पन्नास वर्षांनंतर तिला बळी पडतो आहोत ते आपण. त्या छायाचित्रात आग्र्याचे सरावाचे मैदान आहे. त्यात तळी नाहीत, बांबू नाहीत, धावत येणारे गावकरी नाहीत, आणि दिवसाचा लख्ख प्रकाश आहे. शाळेच्या किंवा गावच्या कार्यक्रमात ते लावायचेच असेल तर खाली 'आग्रा येथील सराव' असे लिहावे. त्यामुळे कार्यक्रमाची शोभा कमी होत नाही.

९. पाकिस्तानी सैनिकांना उतरणारे छत्रीधारी चिनी वाटले, ही गंमत म्हणून सांगतात की खरे आहे?

दोन्ही बाजूंच्या आठवणींत हा प्रसंग येतो आणि त्यामागचे कारण गंमतीचे नाही. ढाक्यातील सैन्याला वरून असा दिलासा दिला जात होता की उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून मित्रांची मदत येत आहे. उत्तरेकडचे मित्र म्हणजे चीन आणि दक्षिणेकडचे म्हणजे अमेरिकेचे आरमार, असा त्याचा अर्थ घेतला गेला. त्यामुळे उत्तरेकडे छत्र्या उतरल्याचे कळल्यावर काही जणांनी ती मदतच समजली. खोटा दिलासा किती खोलवर पोचला होता हे यावरून कळते.

१०. २ पॅराला 'मराठा' का म्हणतात? उतरलेले सैनिक मराठी होते का?

२ पॅरा ही मुळात ३ मराठा लाइट इन्फन्ट्री. स्वातंत्र्याच्या सुमारास तिला छत्रीधारी पलटण करण्यात आले आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची बांधणी झाली तेव्हा ती '२ पॅरा (मराठा)' झाली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत १० जुलै १९४४ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून धारातीर्थी पडलेले, रायगडच्या माणगाव परिसरातील नाईक यशवंत घाडगे याच ३ मराठाचे. म्हणजे माणगावात ज्यांची आठवण जपली जाते ते घाडगे आणि पुंगलीच्या पुलावर लढलेले जवान एकाच पलटणीचे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

तरीही '७०० मराठे उतरले' असे लिहिणे बरोबर नाही. पलटणप्रमुख पन्नू हे शीख होते, अधिकारी देशभरातील होते, आणि तोफखाना, अभियंते, वैद्यकीय पथक हे सारे ५० पॅरा ब्रिगेडच्या इतर तुकड्यांतून आलेले होते. मराठा हे त्या पलटणीच्या परंपरेचे नाव आहे. आज ती विशेष दलांमध्ये गणली जाते.

पुलावर येऊन मिळालेली १ मराठा लाइट इन्फन्ट्री ही वेगळी पलटण. १७६८ मध्ये उभारलेली आणि 'जंगी पलटण' म्हणून ओळखली जाणारी ही तुकडी तेव्हा लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली होती आणि जमालपूरची लढाई संपवून आली होती. '१ मराठा' आणि '२ पॅरा मराठा' यांची नावे घराघरांत अदलाबदल होतात, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले (प्रश्न १७ पाहा).

११. हीच पलटण गोव्यात १९६१ मध्ये छत्र्यांनी उतरली होती, असे आमच्या फोंड्याच्या काकांनी सांगितले. खरे का?

पलटण तीच, पण उतरली नाही, जमिनीवरून आली. डिसेंबर १९६१ मधील गोवा मुक्तीच्या कारवाईत ५० पॅरा ब्रिगेडच्या तुकड्यांनी भूदल म्हणून भाग घेतला आणि २ पॅरा (मराठा) उसगावमार्गे फोंड्याकडे आली. छत्रीधारी तुकडी आली म्हणजे ती आकाशातूनच आली, असा समज होणे साहजिक आहे, आणि छत्रीधारी सैनिकांच्या लाल-तपकिरी टोप्या पाहिलेल्या माणसाच्या आठवणीत काही वर्षांनी छत्र्याही जमा होतात. पणजीत प्रथम पोचली ती २ शीख लाइट इन्फन्ट्री.

१२. शेतकऱ्यांनी उसाच्या फडातून छत्रीधारी सैनिक पकडून दिले, ती गोष्ट टांगाइलचीच का?

नाही, ती सहा वर्षे आधीची आणि उलट बाजूची. १९६५ च्या युद्धात ६ आणि ७ सप्टेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानने पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या तीन विमानतळांजवळ सुमारे १८० कमांडो छत्र्यांनी उतरवले. हेतू विमानतळांवर घातपात करण्याचा होता. पण ते अंधारात विखुरले, उभ्या खरीप पिकांत लपले, आणि पंजाबमधील शेतकरी, पोलीस आणि सैन्य यांनी पुढच्या काही दिवसांत त्यांपैकी बहुतेकांना पकडले. थोडेच परत जाऊ शकले. एकाही विमानतळाचे विशेष नुकसान झाले नाही.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. विमाने, छत्र्या आणि प्रशिक्षण यांत फार मोठा फरक नव्हता. टांगाइलला शेतातली माणसे उतरणाऱ्यांच्या बाजूची होती आणि पंजाबात विरुद्ध, हा निर्णायक फरक होता.

१३. दुसऱ्या महायुद्धानंतरची ही जगातील सर्वांत मोठी छत्रीउडी होती का?

नव्हती, जरी असे वाक्य अनेक लेखांत आढळते. १९५० मध्ये कोरियात सुकचोन आणि सुनचोन येथे अमेरिकेची पूर्ण छत्रीधारी रेजिमेंट उतरली होती, १९५३ मध्ये फ्रेंचांनी दिएन बिएन फू येथे अनेक पलटणी उतरवल्या होत्या, आणि १९५६ मध्ये सुएझलाही मोठ्या उड्या झाल्या होत्या. स्वतंत्र भारताने स्वतःच्या युद्धात केलेली पहिली पलटणव्यापी उडी, एवढे टांगाइलविषयी निश्चित म्हणता येते. त्याआधी १ मे १९४५ रोजी रंगूनजवळ एलिफंट पॉइंट येथे गुरखा छत्रीधारी पलटण उतरली होती, पण ती ब्रिटिश अमदानीतील. आणि १९५१ मध्ये कोरियात भारताच्या ६० पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्सच्या पथकाने अमेरिकनांबरोबर उडी घेतली होती, पण ते वैद्यकीय पथक होते.

१४. ही उडी खरोखर आवश्यक होती का? काही जण ती उशिरा झाली असे म्हणतात.

हा प्रश्न सेवानिवृत्त अधिकाऱ्यांमध्येही वादाचा आहे. उशीर झाला असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की ९३ ब्रिगेडची माघार १० डिसेंबरलाच सुरू झाली होती, काही तुकड्या उडीपूर्वीच पुढे गेल्या होत्या आणि मागून आलेल्यांपैकी बरेच जण पूल टाळून, वाहने आणि अवजड शस्त्रे टाकून, शेतांच्या बांधांवरून ढाक्याकडे निसटले. म्हणजे जाळे टाकले, पण सगळी मासळी अडकली नाही. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर अब्दुल कादिर खान पुढे कैद झाले, हे मात्र खरे.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. जी ब्रिगेड तोफा आणि गाड्यांसह ढाक्याच्या बचावाला पोचणार होती, तिच्यातील मागाहून आलेली माणसे थकलेली, विस्कळीत आणि रिकाम्या हाताने पोचली किंवा पोचलीच नाहीत. ढाक्याच्या उत्तर बाजूला बचावाची फळी उभी राहू शकली नाही. १६ डिसेंबरच्या सकाळी २ पॅरा मीरपूर पुलाशी पोचली होती आणि तेथूनच उत्तरेकडून आलेल्या भारतीय सैन्याचे प्रमुख मेजर जनरल गंधर्व नागरा यांनी पूर्वेकडील पाकिस्तानी सैन्याचे प्रमुख जनरल नियाझींना, आपण आलो आहोत आणि प्रतिनिधी पाठवावा, अशी चिठ्ठी पाठवली. उत्तरेकडून आलेले सैन्य त्या सकाळी तेथे असणे हे पुंगलीचेच फळ होते. पाच हजारांच्या अफवेने केलेले काम (प्रश्न ७) यात वेगळे मोजावे.

१५. हवेत असलेल्या छत्रीधारी सैनिकावर गोळी झाडणे युद्धनियमांच्या विरुद्ध आहे ना?

विमान निकामी झाल्यामुळे जीव वाचवण्यासाठी उडी घेतलेल्या माणसावर तो खाली येत असताना हल्ला करता येत नाही, आणि जमिनीवर आल्यावर त्याला शरण येण्याची संधी द्यावी लागते. हल्ल्यासाठी उतरवलेल्या छत्रीधारी सैन्याला हे संरक्षण नाही. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक करारातील ४२ व्या कलमात हा भेद स्पष्ट लिहिलेला आहे. वैमानिक आणि छत्रीधारी यांची गल्लत केल्याने हा प्रश्न वारंवार येतो.

१६. बांगलादेशात हा दिवस कसा साजरा होतो? आणि युरोपात दिसतात तशी स्मारके येथे का नाहीत?

टांगाइलमध्ये ११ डिसेंबर हा 'टांगाइल मुक्त दिवस' म्हणून पाळला जातो. मिरवणुका निघतात, मुक्तियोद्ध्यांचा सत्कार होतो, सभा होतात. पण त्या दिवसाच्या केंद्रस्थानी छत्र्या नसून शहराची सुटका असते, कारण त्याच दिवशी कादेर वाहिनी शहरात शिरली. भारतात नेमके उलटे: आपण उडी आणि पूल लक्षात ठेवतो, 'पुंगली ब्रिज' हा युद्धसन्मान २ पॅराच्या नावापुढे लागतो, पन्नूंना मिळालेले महावीरचक्र सांगतो, आणि कादेर वाहिनीला 'स्थानिकांचे सहकार्य' या दोन शब्दांत उरकतो. एकाच संध्याकाळच्या या दोन आठवणी एकमेकींना खोट्या पाडत नाहीत, पण एकमेकींना ओळखतही नाहीत.

खुद्द कादेर सिद्दिकी यांची आठवणही सरळ नाही. 'बीर उत्तम' हा सन्मान मिळालेले ते मुक्तियुद्धातील मोठे नाव. मात्र १८ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या पलटन मैदानावर कैद्यांना सर्वांसमक्ष संगिनींनी मारल्याची छायाचित्रे जगभर गेली, त्या प्रसंगीही तेच होते. १९७५ मध्ये शेख मुजीब यांची हत्या झाल्यावर त्यांनी भारतात आश्रय घेतला आणि अनेक वर्षे येथे काढली. अशा माणसाची आठवण सत्ता बदलली की बदलते, आणि तिच्याबरोबर त्या दिवसाचीही.

युरोपाशी तुलना करताना तेथील आठवण कोणी उभी केली हे पाहावे. नॉर्मंडीतील सेंत-मेर-एग्लीझच्या चर्चच्या मनोऱ्यावर अडकलेल्या जॉन स्टील या सैनिकाचा पुतळा छत्रीसह आजही टांगलेला असतो. नेदरलँड्समध्ये आर्नेमजवळच्या ओस्टरबेक येथील दफनभूमीत १९४५ पासून दरवर्षी शाळकरी मुले प्रत्येक थडग्यावर फुले ठेवतात, आणि एडे गावाजवळच्या माळावर सप्टेंबरात स्मरणार्थ छत्रीउड्या होतात. यातली मोठी गोष्ट दगडी स्मारकांची नसून गावांची आहे: ज्यांच्या शेतात माणसे उतरली आणि मेली, त्यांनीच ती आठवण अंगावर घेतली. क्रीटमध्ये तर आठवण उतरणाऱ्यांच्या विरुद्ध आहे. मे १९४१ मध्ये जर्मन छत्रीधारी ऑलिव्हच्या बागांत उतरले, शेतकऱ्यांनी प्रतिकार केला, आणि जूनमध्ये कोंदोमारी व कांदानोस या गावांवर सूड उगवला गेला. तेथील स्मारके गावकऱ्यांची आहेत.

टांगाइलला उतरलेल्यांपैकी फार थोडे तेथे पडले आणि पलटण पाच दिवसांत ढाक्याला गेली; शेतात थडगी राहिली नाहीत, त्यामुळे फुले ठेवायला जागाही राहिली नाही. नंतरच्या राजकारणात भारताच्या वाट्याचे श्रेय किती, हा प्रश्न तेथे नेहमीच नाजूक राहिला. ओझी उचलणाऱ्या गावकऱ्यांची नावे ना आपल्या फलकांवर आली, ना त्यांच्या.

१७. आमचे आजोबा १९७१ मध्ये मराठा पलटणीत होते. ते टांगाइलला उतरले होते का, हे कसे शोधावे?

आधी पलटण निश्चित करा. सेवापुस्तिकेत किंवा निवृत्तीच्या कागदांवर '२ पॅरा' असेल, छातीवर पॅरा पंख असलेले किंवा लाल-तपकिरी टोपीतले छायाचित्र असेल, तर शक्यता मोठी. '१ मराठा' असेल तर ते जमालपूरहून रस्त्याने पुंगलीला पोचले असण्याची शक्यता आहे, आणि तीही कमी मोलाची गोष्ट नव्हे. मराठा रेजिमेंटच्या इतर पलटणी अन्य आघाड्यांवर होत्या. पदकांमध्ये 'पूर्वी स्टार' असेल तर पूर्व आघाडीवरील सेवा निश्चित होते, पण त्यावरून नेमके ठिकाण कळत नाही.

कागद हरवले असतील तर मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव येथील आणि पॅराशूट रेजिमेंटसाठी बंगळूर येथील अभिलेख कार्यालयाकडे, सेवाक्रमांकासह, वारसाने अर्ज करावा; अर्ज कसा लिहायचा याबाबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते. सेवाक्रमांक निवृत्तिवेतनाच्या कागदावर असतो. आणि आजोबा हयात असतील तर अर्जाआधी त्यांनाच विचारावे, घाई न करता, आणि उडीपेक्षा रात्र कशी गेली हे विचारावे.

१८. ढाक्याला जाणार आहोत. पुंगलीला पाहण्यासारखे काही आहे का?

ढाक्याहून टांगाइल रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर आहे. जमुना नदीवरील मोठा पूल १९९८ मध्ये खुला झाल्यापासून उत्तर बंगालकडे जाणारी बहुतेक वाहतूक याच बाजूने वाहते; त्यामुळे सणासुदीला किंवा सुट्ट्यांत निघालात तर अर्धा दिवस गाडीतच जाईल. रणभूमीचे संग्रहालय किंवा मार्गदर्शक फलक यांची अपेक्षा ठेवू नये. रस्ता रुंद झाला आहे, वस्ती वाढली आहे. जायचेच असेल तर डिसेंबरात जावे, कारण आमन भाताच्या कापणीनंतरची मोकळी रानेच त्या दिवसाची कल्पना देऊ शकतात, आणि ११ तारखेला टांगाइल शहरात असाल तर मुक्त दिवसाची मिरवणूकही पाहता येईल. पुलाच्या आसपासच्या चहाच्या टपऱ्यांवर वयस्क माणसे भेटली तर बोलणे काढावे. हिंदी बऱ्याच जणांना समजते, पण सोबत बांगला बोलणारे कोणी असेल तर उत्तम.